होल्टच्या पोरीचे पाय

उत्तर आइसलँडातल्या त्या दरीत रेडिओवरच्या हवामानाला कोणी जुमानत नाही, कारण तिथला वाराच मुळी कोणाला जुमानत नाही. एकदा म्हणे पाद्रीबुवा चर्चच्या दारात उभे राहून पाप म्हणजे काय ते समजावून सांगत होते, तर त्यांचं अर्धं वाक्य वाऱ्याने तोंडातून काढून घेतलं आणि डोंगरापलीकडच्या दरीत नेऊन टाकलं. तेव्हापासून पाप कशाला म्हणावं याबाबत दोन्ही दऱ्यांचं एकमत नाही. अलीकडच्यांना सगळंच पाप वाटतं, पलीकडच्यांना काहीच नाही. अशा ठिकाणी रेडिओवरची बाई राजधानीत बसून ‘ऊन पडेल’ म्हणाली, की लोक रेडिओकडे कीव आल्यासारखं पाहतात आणि उठून मेंढ्या बघायला जातात.

मेंढ्याही सगळ्याच शहाण्या नसतात. हजारांत एखादी निघते, उंच पायांची, मान ताठ ठेवून कळपाच्या पुढे चालणारी. तिला पुढारीण म्हणायचं. वादळ समुद्रावर अजून पाळण्यात असतं तेव्हाच हिच्या खुरांना त्याची चाहूल लागते. होल्ट नावाच्या शेतावर अशी एक होती, फ्लेक्का, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची. ती गोठ्यात येरझारा घालू लागली की म्हातारा ग्रीमुर गवत आवरायला घ्यायचा आणि दरीतले बाकीचे होल्टला फोन करायचे, “काय, बसलीय की चालतेय?” त्या वसंतात फ्लेक्का म्हातारपणाने गेली. ग्रीमुरने तिला टेकडीवर पुरलं, घरात येऊन टोपी काढली आणि म्हणाला, “आता आपण आंधळे.”

आणि ऑगस्टात, शाळा सुरू व्हायच्या तोंडावर, होल्टला यादिरा आली.

यादिरा सोळा वर्षांची, इक्वेडोरमधल्या ग्वायाकिल बंदरातली. वर्षभर परमुलखात कोणाच्या तरी घरी लेकीसारखं राहायचं आणि तिथल्या शाळेत शिकायचं, अशा योजनेतून ती आली होती. तिच्या घरी आई, तीन मावश्या आणि मोजता येणार नाहीत इतकी भावंडं. तिथे चार जण एका वेळी बोलतात, पाचवा गातो आणि सहावा त्या पाचव्याला गप्प बस म्हणून ओरडतो. घरात शांतता झाली तर शेजारी धावत येतात, कोण गेलं म्हणून.

होल्टला माणसं तीन. ग्रीमुर, त्याचा मुलगा ओत्तार आणि सून हिल्दुर. माणसं वाईट मुळीच नव्हती. ताटात बटाटे वाढत, लोकरीचं पांघरूण देत, खोलीचा दिवा आपण होऊन बदलत. फक्त बोलत नसत. ओत्तारला काही विचारलं की तो ‘या’ म्हणजे ‘हो’ म्हणायचा, तोही श्वास आत ओढून, ठसका लागल्यासारखा. दरीत सगळेच असं म्हणतात. पण यादिराला पहिल्या दिवशी वाटलं माणसाच्या छातीत कळ आली, आणि ती पाण्याचा पेला घेऊन धावली. ओत्तारने पेला घेतला, पाणी प्यायला आणि पुन्हा श्वास ओढून म्हणाला, “या.”

म्हाताऱ्याला तिने आपल्या रीतीप्रमाणे “आजोबा, तुम्ही कॉफी घेणार का?” असं विचारलं, तर त्याने मागे वळून बघितलं, आणखी कोण आलंय म्हणून. त्या देशात राष्ट्राध्यक्षालाही नावाने आणि ‘तू’ म्हणून हाक मारतात. ‘तुम्ही’ ऐकायची ग्रीमुरला सवयच नव्हती.

शाळेच्या बसमध्ये पोरं कानात गाणी खुपसून बसायची. घरी आलं की खिडकीबाहेर डोंगर, डोंगरावर ढग, ढगांवर पुन्हा काहीच नाही. यादिराच्या अंगात जे तिकडे बोलण्यातून, भांडणातून, नाचण्यातून रोजच्या रोज बाहेर पडायचं, ते सगळं इथे पायात उतरलं. ती चालू लागली. स्वयंपाकघराच्या खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून जिन्यापर्यंत, जिन्यापासून पुन्हा खिडकीपर्यंत. गुडघे हलायचे, टाचा वाजायच्या. बसली तरी खुर्चीखाली पाय आपले चालतच.

ग्रीमुर कोपऱ्यात बसून हे बघत होता. चेहऱ्याकडे नाही, पायांकडे. त्याने उभ्या आयुष्यात माणसांपेक्षा मेंढ्या जास्त पाहिल्या होत्या, आणि त्याच्या मते मेंढ्यांचं निरीक्षण वाया गेलेलं नव्हतं.

पहिल्यांदा झालं ते असं. ग्वायाकिलला मावसबहिणीचा वाढदिवस होता. फोनवर सगळं घर नाचताना दिसलं, मग फोन कोणीतरी खिशात टाकला आणि यादिराला अर्धा तास नुसता खिशातला अंधार ऐकू आला. ती उठली आणि अशी चालायला लागली की ताटाळ्यातली ताटं खणखणली. बाहेर कडक ऊन, गवत वाळत पडलेलं. ग्रीमुर मुलाला म्हणाला, “आवर.”

“काय?”

“गवत. सगळं. आत्ता.”

ओत्तारने आकाश बघितलं, बापाला बघितलं, आणि श्वास ओढून “या” म्हणाला. संध्याकाळच्या जेवणाला बसेपर्यंत असा पाऊस आला की शेजारच्या दोन शेतांवरचं गवत ओढ्याने समुद्राला विकून टाकलं. त्या रात्री यादिराच्या ताटात सगळ्यात मोठा बटाटा आला. तिला वाटलं, चला, हळूहळू माया लागतेय.

दुसऱ्या खेपेला शाळेत एका मुलाने तिला विचारलं, “तू कुठली गं?” आणि ती तोंड उघडते तोवर घंटा झाली आणि तो निघूनही गेला. आल्यापासून तिला कोणी विचारलेला तो पहिला प्रश्न! ती घरी येऊन दप्तरही न काढता येरझारा घालू लागली. ग्रीमुरने फोन उचलला.

“सिग्वाल्दी, गोठ्यावर नवे पत्रे चढवू नकोस. पोरगी चालतेय.”

“कोण पोरगी?”

“आमची. नवी.”

सिग्वाल्दी इतका हसला की फोनमधून थुंकी उडाली म्हणे. त्याने पत्रे चढवले. दुसऱ्या दिवशी ते पलीकडच्या दरीत उतरले, आणि तिथल्या एकाने त्यातल्या एकाचं जेवायचं टेबल करून टाकलं. मागायला गेल्यावर तो म्हणाला, “देवाने दिलेलं परत करणं पाप आहे.” त्या दिवसापासून सिग्वाल्दीइतका यादिराच्या पायांचा भक्त साऱ्या दरीत नव्हता.

यादिराला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिला एवढंच दिसायचं, की दुकानात गेलं की बायका गोड हसून विचारतात, “पाय कसे आहेत?” तिला वाटलं, इकडे ‘कशी आहेस’ला असंच म्हणत असतील. ती म्हणायची, “मजेत!” आणि त्या भराभरा घरी जाऊन कपडे वाळत घालायच्या. घराघरातून तिच्यासाठी लोकरीचे मोजे यायला लागले. निळे, तपकिरी, हरणं विणलेले. इतके, की कपाटाचं दार लागेना. मोजे सगळे देतात, पण बस म्हणून कोणी म्हणत नाही. सगळे बघतात, पण गुडघ्याच्या वर कोणी बघत नाही.

सप्टेंबर लागला तशी तिची घुसमट वाढली. सोमवारी तिने शाळेतून राग्नाला फोन केला. राग्ना ही शहरात राहणारी, योजनेतल्या मुलांची काळजी वाहणारी बाई.

“मला दुसरं घर दे. शहरात. कुठलंही.”

“मारतात? उपाशी ठेवतात?”

“नाही गं. मोजे देतात.”

राग्नाने डायरी उघडली. मग म्हणाली, “शुक्रवारी गाडी घेऊन येते. पण एक ऐक. मी यायच्या आत त्यांना तू स्वतः सांगायचंस. त्यांनी तुला घर दिलंय. मागच्या दाराने निघायचं नाही. सांगितलं नसशील, तर मी एकटी परत जाईन.”

झालं! आता सांगायचं कसं? सोमवारी रात्रीच्या जेवणाला ती म्हणाली, “मला…” तर हिल्दुरने लोण्याची वाटी पुढे केली. मंगळवारी गोठ्यात ओत्तारला गाठून ती म्हणाली, “मला जायचं…” त्याने श्वास ओढला, “या,” आणि बाजूला होऊन तिला दारातून जायला वाट करून दिली. वाक्य अर्धंच राहिलं आणि अंगातली सगळी वीज पायांत आली. मंगळवारी ती चालली, बुधवारी सकाळी चालली, शाळेतून आल्यावर जिन्यावरून वर-खाली चालली. ग्रीमुर खुर्चीच्या कडेला येऊन बसला होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

“असं तर फ्लेक्कासुद्धा कधी चालली नव्हती,” तो म्हणाला, आणि त्याने सगळ्या दरीला बोलावणं धाडलं.

कारण त्या शनिवारीच मेंढ्या उतरवायच्या होत्या. उन्हाळाभर डोंगरावर मोकळ्या चरणाऱ्या सगळ्या शेतांच्या मेंढ्या एकाच वेळी खाली आणायच्या, गोल कुंपणात घालायच्या, आणि कानांवरच्या खुणा बघून ज्याच्या त्याने ओढून न्यायच्या. या कामासाठी दरी एकाला डोंगरराजा करते. यंदा सिग्वाल्दी होता. वर्षभर त्याला घरचं मांजरही विचारत नाही, पण त्या आठवड्यात पाद्रीबुवाही त्याच्या शिट्टीवर पळतात.

बुधवारी चहाच्या वेळेला होल्टचं स्वयंपाकघर माणसांनी भरलं. यादिराला वाटलं, कोणी गेलं की काय. हिल्दुरने तिच्या हातात कॉफीची किटली दिली.

“रेडिओ म्हणतो, रविवारपर्यंत ऊन,” ओत्तार म्हणाला. यादिराने त्याच्या तोंडून ऐकलेलं हे सगळ्यात लांब वाक्य.

“रेडिओला पाय आहेत का?” ग्रीमुरने विचारलं.

“शनिवारपर्यंत थांबलो आणि बर्फ आलं, तर मेंढ्या तिथेच पुरल्या जातील,” सिग्वाल्दी म्हणाला. “उद्याच वर जायचं. उद्या चढायचं, शुक्रवारी खाली.”

“आणि माझी शाळा?” शिक्षिकाबाई म्हणाल्या.

“बंद.”

“आणि कोवळी कोकरं एक दिवस आधी उतरवायची, ती कशासाठी? एका पोरीच्या गुडघ्यांसाठी?” मागून कोणीतरी म्हणालं.

“माझे पत्रे विचार त्या गुडघ्यांना!” सिग्वाल्दी गरजला.

यादिराला भाषा अर्धीमुर्धीच कळायची, पण ‘पाय’ कळत होतं, ‘पोरगी’ कळत होतं, आणि खोलीतल्या सगळ्या नजरा तिच्या मोज्यांवर होत्या. तिने हिल्दुरला इंग्रजीत विचारलं, “हे काय चाललंय?”

हिल्दुरने अगदी सहज सांगितलं, जसं काही भाकरी कुठे ठेवलीय ते सांगतेय. “तुला वादळ आधी कळतं, असं त्यांचं म्हणणं आहे. तू चाललीस की येतं.”

यादिराच्या हातातली किटली कलंडली. पाऊस, पत्रे, ‘पाय कसे आहेत’, मोजे, सगळं धाडधाड डोक्यात पडलं. म्हणजे इतके दिवस मोठा बटाटा मिळत होता तो कोणाला? आणि आता हे सगळे तिच्या पायांच्या भरवशावर डोंगर चढणार? आता नाही सांगितलं तर कधीच नाही. तिने किटली आपटली आणि तोडक्यामोडक्या आइसलँडीत ओरडली,

“हवामान नाही! मी! मला जायचं. दुसऱ्या घरी. शुक्रवारी. म्हणून चालते. बर्फ नाही, काही नाही!”

ओत्तारच्या हातातला बिस्किटाचा तुकडा कॉफीत पडला. यादिराला वाटलं, सुटले एकदाची. मग ग्रीमुरने सावकाश मान हलवली.

“फ्लेक्काचंही असंच होतं,” तो सगळ्यांना म्हणाला. “तिलाही जायचंच असायचं. दाराला धडका द्यायची. तिला कुठे माहीत होतं की आपल्याला वादळामुळे जावंसं वाटतंय? तिला आपलं वाटायचं, जावंसं वाटतंय.”

“खरं आहे,” सिग्वाल्दी म्हणाला. “पायांना कारण माहीत नसतं.”

“माझ्या पायांना माहीत आहे!”

“तसं वाटतं, पोरी.”

यादिराने रागाने खुर्ची ओढली आणि दोन्ही पाय जमिनीवर रोवून ती मध्यभागी धप्पकन बसली. गुडघा हलू दिला नाही, टाच हलू दिली नाही. “बसले,” ती म्हणाली. “बघा. आता?”

सगळ्यांनी ग्रीमुरकडे पाहिलं. ग्रीमुर उभा राहिला. त्याचा आवाज खाली गेला.

“फ्लेक्का आयुष्यात एकदाच अशी बसली होती. ज्या वर्षी चर्च घंटेपर्यंत बर्फात बुडालं आणि आम्ही घंटेला घोडे बांधले, त्या वर्षी.”

पुढचं काय विचारता! कोट ओढले गेले, बूट उलटसुलट घातले गेले, शिक्षिकाबाई शाळा बंद करायला धावल्या, सिग्वाल्दी अंगणातूनच शिट्ट्या मारू लागला. “उद्या कसलं, आजच निघा!” असं म्हणत दरीच्या दरी दारातून बाहेर पडली. ओत्तारही गेला, बापही गेला. टेबलावर अर्धवट प्यायलेले कप राहिले, आणि खुर्चीत यादिरा, रडायच्या बेताला आलेली.

हिल्दुर कप गोळा करत होती. पाठमोरी असतानाच ती म्हणाली, “मी पूर्वेकडच्या मासेमारीच्या गावातली. लग्न करून इथे आले तेव्हा मीही चालायचे. खिडकीपासून दारापर्यंत.”

यादिराने डोळे पुसले. “मग?”

“मग काय? ग्रीमुरने माझ्या चालण्यावर दोन उन्हाळे गवत आवरलं. ‘सून चालतेय’ म्हणून फोन करायचा लोकांना. मला आईची आठवण यायची आणि दरीतल्यांच्या होड्या किनाऱ्यावर ओढल्या जायच्या.”

“तू सांगितलं नाहीस?”

“सांगितलं की. तुझ्यासारखंच. कप पण आपटला होता.” हिल्दुर पहिल्यांदाच हसली. “शेवटी माहेरी गेले आणि येताना एक ठिपक्यांची कोकरी आणून रात्री गुपचूप गोठ्यात सोडली. पुढारणीच्या वाणाची. तिच्या पायांकडे बघू लागले तेव्हा कुठे माझे पाय सुटले.”

“फ्लेक्का?” यादिरा उठून उभी राहिली. “फ्लेक्का तू आणलीस?”

“त्यांना सांगू नकोस. ग्रीमुरला वाटतं, देवाने पाठवली.”

शुक्रवारी सकाळी मेंढ्या खाली आल्या, आणि आकाश धुतलेल्या ताटासारखं लख्ख होतं. बर्फ सोडा, ढगाचं पिल्लू नव्हतं. कोणी कोणावर रागावलं मात्र नाही. सिग्वाल्दीने लगेच खुलासा केला, “मेंढ्या उतरल्यात हे वादळाला कळलं. मग ते रिकाम्या डोंगरावर कशाला येईल?” सगळ्यांना ते पटलं.

गोल कुंपणात लोकरीचा पूर आला होता. बाया-बापे, पोरं, पाद्रीबुवा, सगळे मेंढ्यांच्या पाठीवर तंगड्या टाकून शिंगं धरत होते, कान उलटे करून खुणा बघत होते आणि ज्याच्या त्याच्या कप्प्याकडे ओढत नेत होते. यादिरा कडेला उभी होती, आणि तिच्या नजरेत एक भरली. करडी, उंच पायांची, वर्षाचीही नसेल. बाकीच्या एकमेकींत डोकी खुपसत होत्या, ही एकटी कुंपणाला लागून गोल गोल फिरत दार शोधत होती. यादिराला ती चाल ओळखीची वाटली. ती घुसली, दोनदा तोंडावर पडली, शेणाने माखली आणि अखेर शिंगं धरून उभी राहिली.

“ती माझी आहे!” पलीकडून सिग्वाल्दी ओरडला. “भवानी आहे नुसती. उन्हाळ्याआधी तीनदा कुंपणावरून गेली. तुला हवी का?”

“द्या.”

“घेऊन जा. दोघी एकाच माळेचे मणी आहात.”

यादिराने तिला होल्टच्या कप्प्यात ओढलं. कोकरीने एक फेरी मारली, हवा हुंगली, फळीच्या सावलीत गुडघे मोडले आणि खाली बसून शांतपणे रवंथ सुरू केला. हिल्दुरने दुरून ते पाहिलं आणि मुद्दाम तोंड दुसरीकडे फिरवलं.

तेवढ्यात रस्त्यावर राग्नाची गाडी येऊन थांबली. इंजिन चालूच होतं. यादिराचे पाय चालू लागले. फळीच्या कडेने इकडून तिकडे, तिकडून इकडे. सांगायला तर हवं, पण सांगून झालेलं, आणि कोणी ऐकलेलं नाही. ऐकलेलं नसताना सांगितलं असं म्हणायचं का? राग्नाला काय सांगू?

ग्रीमुर वरच्या फळीवर बसला होता. त्याने पोरीच्या पायांकडे बघितलं. सवयीने आकाशाकडे बघितलं. मग कोकरीकडे. कोकरी रवंथ करत होती. पुन्हा पोरीकडे. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्याच्या घरात एका वेळी दोन पुढारणी कधी नव्हत्याच, आणि दोघींचं असं फाटलेलं तर त्याने ऐकलंही नव्हतं.

“ही बसलीय,” तो म्हणाला.

“हो, आजोबा.”

“ही खरी वाणाची आहे. ही चुकणार नाही.” जणू एखादा जड दगड ढकलतोय तसा त्याने पुढचा शब्द ढकलला. “मग तू का चालतेस?”

यादिरा जागच्या जागी उभी राहिली. कुठल्याही मेंढीकडे न बघता म्हातारा तिच्या तोंडाकडे बघत होता. त्याचे डोळे निळे आहेत हे तिला तेव्हा कळलं.

“कारण इथे मला कोणी काही विचारत नाही,” ती म्हणाली.

“तू कधी बोलली नाहीस.”

“बुधवारी बोलले! सगळ्यांसमोर!”

“ते हवामान होतं.”

“ते हवामान नव्हतं! ती मी होते!”

हे ती अशी ओरडली, की पाद्रीबुवांच्या तंगड्यांतली मेंढी निसटली आणि सारं कुंपण वळून बघायला लागलं. ग्रीमुरने श्वास आत ओढला. “या,” तो म्हणाला. बराच वेळ दाढी खाजवली. मग फळीवर बाजूला सरकून त्याने जागा केली.

“बस. नाहीतर चाल, नाच, काय हवं ते कर. पण पहिल्यापासून सांग. तुमच्या गावाला वारा कुठून येतो?”

“आजोबा, वारा नको!”

“बरं, बरं. माणसं आहेत?”

“माणसंच माणसं!” यादिरा म्हणाली आणि बांध फुटला. आई, गल्ली, उकाडा, मावसबहिणीचा वाढदिवस, खिशातला अंधार. आइसलँडी संपली तिथे इंग्रजी लावली, इंग्रजी संपली तिथे स्पॅनिश, आणि तीही अपुरी पडली तिथे हात. ती फळीसमोर फेऱ्या घालत बोलत होती आणि म्हातारा मान वळवून वळवून ऐकत होता. मधल्या मावशीच्या तिसऱ्या लग्नाची गोष्ट रंगात आली होती. नवरदेव चर्चमध्ये येतो काय, त्याची पहिली बायको मागच्या बाकावरून उठते काय! तोवर ओत्तार कॉफीचा थर्मास घेऊन आला होता. तो बराच वेळ उभा राहिला आणि एकाएकी म्हणाला,

“मग? मावशी काय म्हणाली?”

बोलून झाल्यावर तो स्वतःच दचकला.

रस्त्यावरून राग्ना चिखल चुकवत आली. “यादिरा, सांगितलंस ना यांना? सामान कुठंय? निघायचं आहे.”

यादिराने तिच्याकडे न बघताच हात वर केला, तिच्या मावश्या फेरीवाल्याला थांबवतात तसा.

“सांगितलं, राग्ना. आत्ता कुठे ऐकतायत. आज नाही येत मी, अजून मधल्या मावशीचं लग्न मोडायचं राहिलंय.”

राग्नाने ग्रीमुरकडे पाहिलं, ओत्तारकडे पाहिलं. ओत्तारने तिला बोटाने गप्प राहायची खूण केली. ती परत गाडीकडे गेली, इंजिन बंद केलं आणि येताना स्वतःसाठी कप घेऊन आली.